मेल अडकला म्हणून एनक्रिप्शन बंद करायला सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत वाचकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणींना उत्तरं देणारं जे सदर येतं ते मी नेहमी वाचते, बरीचशी उत्तरं चांगली असतात, पण मागच्या वेळी एका वाचकाने विचारलं होतं की अँटीव्हायरस अपडेट झाल्यापासून मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये मेल येतही नाही आणि जातही नाही, सिक्युअर कनेक्शन होत नाही असा मेसेज येतो, तर काय करू. त्यावर उत्तर छापलं गेलं की अकाउंटच्या सेटिंगमध्ये जाऊन कनेक्शन सिक्युरिटी 'नन' करा, पोर्ट (म्हणजे सर्व्हरवरचं ठराविक नंबरचं दार) १४३ आणि २५ टाका, मेल सुरू होईल. होईलही सुरू, पण कशाच्या बदल्यात ते त्या माणसाला कुणी सांगितलंच नाही. मी बरीच वर्षं छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि मेल सांभाळायचं काम करते आणि हाच सल्ला ऐकून बसलेली माणसं मला सतत भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

'नन' केलं की एनक्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणं, बंद होतं आणि मेलचं सॉफ्टवेअर सर्व्हरशी उघड्यावर बोलायला लागतं. मेलमधला मजकूर तर उघडा पडतोच, पण त्याआधी लॉगिन करताना पासवर्डही सहसा साध्या अक्षरांत किंवा बेस-६४ नावाच्या रूपात जातो, आणि बेस-६४ म्हणजे एनक्रिप्शन नव्हे, ते कुणालाही एका सेकंदात परत उलगडता येतं. त्याच वायफायवर बसलेला कुणीही तो उचलू शकतो. आणि मेलचा पासवर्ड गेला म्हणजे फक्त मेल गेला असं नाही, बँकेपासून सोशल मीडियापर्यंत सगळीकडचं 'पासवर्ड विसरलात का' त्याच मेलवर येतं. सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी नवीन मेल आहे का बघायला सर्व्हरकडे जातं, नवीन कनेक्शन झालं की परत लॉगिन, म्हणजे हा पासवर्ड एकदा नाही, दिवसभर पुन्हा पुन्हा उघडा जात राहतो.

आता मुळात अडतं कुठे ते बघू. मेलचं सॉफ्टवेअर आणि सर्व्हर यांच्यात टीएलएस, म्हणजे दोघांमधलं बोलणं कुलूपबंद करणारं एनक्रिप्शन, लावलेलं असेल तर मधल्या कुणालाच आतलं काही दिसत नाही, आणि 'कुणालाच' मध्ये तुमच्याच कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरसही आला. त्याला तर येणारा मेल तपासायचा असतो. मग तो मधे उभा राहतो. सर्व्हरशी टीएलएस तो स्वतः जोडतो, मेल उलगडून तपासतो आणि तुमच्या सॉफ्टवेअरकडे दुसरं टीएलएस कनेक्शन लावून पुढे देतो. म्हणजे दारातल्या माणसाने तुमचं पाकीट फोडून वाचायचं, नव्या पाकिटात घालायचं आणि त्यावर मूळ पाठवणाऱ्यासारखाच दिसणारा पण स्वतः बनवलेला शिक्का मारून तुमच्या हातात द्यायचं. हा शिक्का म्हणजे सर्टिफिकेट. ते सर्व्हरच्या नावाचं असतं, पण त्यावर सही असते अँटीव्हायरसच्या स्वतःच्या रूट सर्टिफिकेटची, म्हणजे बाकीच्या सर्टिफिकेटांना खरं ठरवणाऱ्या मूळ सर्टिफिकेटची, जे त्याने इन्स्टॉल होताना तुमच्या कॉम्प्युटरमध्ये टाकून ठेवलेलं असतं.

विंडोजवरचा आउटलुक विंडोजची विश्वासू सर्टिफिकेटांची यादी वापरतो, अँटीव्हायरसने आपलं रूट त्या यादीत घातलेलं असतं, त्यामुळे आउटलुकला बऱ्याचदा काही कळतही नाही. थंडरबर्ड हे मेलचं दुसरं सॉफ्टवेअर मात्र स्वतःची वेगळी यादी ठेवतं. अँटीव्हायरसला बऱ्याचदा त्या यादीतही हात घालावा लागतो, आणि अपडेटमध्ये रूट सर्टिफिकेट नव्याने तयार झालं, किंवा तुम्ही थंडरबर्डचं नवीन प्रोफाइल (मेल आणि सेटिंग ठेवायचा फोल्डर) केलं, की कधी कधी त्या यादीत ते नसतं आणि थंडरबर्ड म्हणतो या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याला मी ओळखत नाही. यात थंडरबर्डचं काहीएक चुकत नाही, मधे कुणीतरी बसलंय हे तो तुम्हाला सांगतोय, नेमकं तेच त्याचं काम आहे. 'कालपर्यंत चालत होतं, मी काहीच बदललं नाही' असं जे सगळे सांगतात ते खरंच असतं, बदललेलं असतं अँटीव्हायरसने, रात्रीतून, न विचारता. कधी उलटंही होतं. २०२० मध्ये थंडरबर्डची ७८ नंबरची आवृत्ती आली तेव्हा त्यात जुनं टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद होऊन आलं, कमीत कमी १.२ पाहिजे असं झालं, तेव्हा मधे बसलेलं जे सॉफ्टवेअर अजून जुनंच टीएलएस बोलत होतं तिथे कनेक्शन तुटलं आणि लोकांनी दोष दिला थंडरबर्डला.

माझ्या ओळखीच्या एक बाई घरून अकाउंट्सचं काम करतात, त्यांच्याकडे हेच झालं होतं. त्यांना फोनवर सपोर्टवाल्याने सांगितलं की खिडकी येईल त्यात खाली 'कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन' (म्हणजे ओळखत नसलास तरी हे सर्टिफिकेट चालवून घे) दाबा आणि मोकळ्या व्हा. त्यांनी दाबलं नाही, मला बोलावलं, फार बरं केलं. त्या खिडकीत 'व्ह्यू' असं एक बटण असतं, ते दाबलं की सर्टिफिकेट उघडतं. वर 'सब्जेक्ट नेम' खाली त्यांच्या मेल सर्व्हरचं नाव, अगदी बरोबर, स्पेलिंगसकट. तारखाही ठीक, मुदत संपलेली नाही. आणि त्याखाली 'इश्युअर नेम' च्या पुढे सर्टिफिकेट देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचं नाव असायला पाहिजे तिथे त्यांच्या अँटीव्हायरसचं नाव आणि पुढे 'रूट' असा शब्द. बास, संपलं निदान. या एका ओळीसाठी लोक दिवस दिवस सेटिंग उलटसुलट करत बसतात, अकाउंट डिलीट करून परत टाकतात, पॉपवाल्यांचे, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्यांचे, तर साठवलेले जुने मेल त्यात जातात. म्हणून तुमच्या सदराच्या उत्तरात पहिलं वाक्य हेच असायला हवं होतं की सर्टिफिकेट उघडा आणि इश्युअर कोण आहे ते वाचा. तिथे अँटीव्हायरसचं नाव असेल तर कारण सापडलं. तिथे भलतंच अनोळखी नाव असेल तर एक्सेप्शन अजिबात देऊ नका, पासवर्ड टाकू नका, ज्या नेटवर्कवर आहात ते सोडून दुसऱ्या नेटवर्कवरून बघा.

उपाय काय तर अँटीव्हायरस उघडून त्यातला फक्त मेल तपासायचा भाग बंद करायचा. अख्खा अँटीव्हायरस बंद करायची गरज नसते हे मी मुद्दाम लिहितेय, कारण लोक एकतर सगळं ठेवतात नाहीतर सगळं काढून टाकतात. प्रत्येक कंपनीत त्याला वेगळं नाव आहे, कुठे मेल शील्ड किंवा ईमेल शील्ड, कुठे ईमेल क्लायंट प्रोटेक्शन, कुठे एनक्रिप्टेड कनेक्शन स्कॅन, आणि आवृत्ती बदलली की जागाही बदलते, म्हणून सेटिंगच्या सर्च बॉक्समध्ये 'मेल' किंवा 'एसएसएल' (टीएलएसचं जुनं नाव) टाकून शोधलेलं बरं. पूर्ण भाग बंद करायचा नसेल तर काहींमध्ये फक्त एसएसएल आणि टीएलएसवाली कनेक्शनं तपासू नको एवढीच टिक काढता येते, तेवढंही पुरतं. मग मेलचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून परत उघडायचं, आधीचं कनेक्शन धरून ठेवलेलं असलं तर फरक दिसत नाही आणि माणूस म्हणतो छे यानेही काही झालं नाही. सुरू झाल्यावर परत सर्टिफिकेट बघा, आता इश्युअरच्या जागी नेहमीच्या सर्टिफिकेट संस्थेचं नाव यायला पाहिजे. आणि आधी कुणाच्या सांगण्यावरून एक्सेप्शन दिलेलं असेल तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये सर्टिफिकेट मॅनेज करायची जागा आहे, तिथल्या सर्व्हर्सच्या यादीतून ते काढून टाका, ते आपोआप जात नाही.

कधी कधी स्विच बंद केला तरी त्याचा नेटवर्कवाला ड्रायव्हर मागे चालूच राहतो आणि कनेक्शन अडतंच. तेव्हा विंडोज सेफ मोड विथ नेटवर्किंगमध्ये सुरू करून बघायचं, तिथे अशी बाहेरची सॉफ्टवेअरं सहसा लोड होत नाहीत. तिथे मेल चालला आणि नेहमीच्या विंडोजमध्ये नाही, तर दोष सर्व्हरचा नाही हे पक्कं. मग त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल असतं ते वापरून काढून परत टाकावं लागतं. जुन्या कंपनीचा अँटीव्हायरस साधा अनइन्स्टॉल करून त्यावर दुसरा टाकलेल्या मशीनवर तर हे फारच दिसतं, पहिल्याचे अवशेष आणि दुसरा असे दोघं त्याच कनेक्शनवर बसलेले असतात.

मेल अडला म्हणजे अँटीव्हायरसच असंही धरून चालू नका. त्याच अकाउंटचा मेल ब्राउझरमधून आणि फोनवरून उघडून बघा, तिथेही चालत नसेल तर गोष्ट वेगळी आहे. कॉम्प्युटरचं घड्याळ बघा, मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि जगातलं प्रत्येक सर्टिफिकेट चुकीचं वाटायला लागतं. सर्टिफिकेटची मुदत संपली असं लिहून आलं तर ते सर्व्हरवाल्याने नवीन टाकायचं असतं, तुम्ही काही करायचं नसतं, फक्त त्याला कळवायचं. आणि मेसेज पासवर्डचा असेल तर सर्टिफिकेटशी त्याचा संबंधच नाही. गुगलने ३० मे २०२२ पासून नुसतं नाव आणि पासवर्ड घेऊन लॉगिन करणाऱ्या बाहेरच्या ॲप्सना साध्या अकाउंटवर बंदी केली, मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी ऑक्टोबरपासून एक्सचेंज ऑनलाइन या ऑफिसांसाठीच्या मेल सेवेवर तसंच सुरू केलं, तिथे ओऑथ, म्हणजे कंपनीच्याच लॉगिन पानावरून परवानगी द्यायची पद्धत, निवडावं लागतं, गुगलवर ॲप पासवर्डही (त्या ॲपसाठी वेगळा बनवलेला) चालतो. त्या वेळी कितीतरी लोकांनी अँटीव्हायरस काढून टाकला आणि मेल तरीही सुरू झाला नाही.

पोर्टबद्दल थोडं लिहायलाच हवं कारण सदरात पोर्टच चुकीचे दिलेत. आयमॅपला (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) ९९३, पॉपला ९९५, पाठवायला ४६५, या तिन्हींवर आधी टीएलएस लागतं आणि मगच बोलणं सुरू होतं, तिथे सेटिंगमध्ये 'एसएसएल/टीएलएस' निवडायचं. १४३, ११० आणि ५८७ वर आधी साधं बोलणं सुरू होतं आणि मग स्टार्टटीएलएस म्हणून कुलूप लागतं, तिथे 'स्टार्टटीएलएस' निवडायचं. ही जोडी चुकली, म्हणजे ४६५ टाकून स्टार्टटीएलएस निवडलं, तर सर्व्हर टीएलएसची सुरुवात व्हायची वाट बघतो आणि तुमचं सॉफ्टवेअर सर्व्हरने आधी नमस्कार करायची वाट बघतं, दोघंही गप्प, आणि थोड्या वेळाने टाइमआउट. अँटीव्हायरसशी झगडताना लोक इतकं काही बदलून ठेवतात की शेवटी अँटीव्हायरस बाजूला झाला तरी हीच जोडी चुकलेली राहते. २५ नंबर हा सर्व्हरने सर्व्हरला मेल द्यायचा पोर्ट आहे, घरच्या कनेक्शनवर तो बऱ्याच ठिकाणी अडवलेलाच असतो, त्यामुळे तुमच्या वाचकाचा मेल जाण्याची शक्यताही कमीच. २०१८ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने आरएफसी ८३१४ काढून स्पष्ट सांगितलंय की मेलच्या सॉफ्टवेअरने सुरुवातीपासून टीएलएस असलेले पोर्ट वापरावेत, म्हणजे ९९३, ९९५ आणि ४६५. याला एक कारण असंही आहे की स्टार्टटीएलएसच्या वेळी सुरुवातीचं बोलणं उघडं असल्याने मधे बसलेल्याला 'मला टीएलएस येतं' ही सर्व्हरची ओळच गाळून टाकता येते, आणि काही सुरक्षेचीच उपकरणं आणि सॉफ्टवेअरं मेल तपासता यावा म्हणून असं करत आलीत. जुन्या मेल सॉफ्टवेअरमध्ये 'जमलं तर टीएलएस' असा पर्याय असायचा, तो निवडलेला असेल तर कुणाला न कळता सगळं उघड्यावर चालू राहायचं.

हा 'नन' चा सल्ला आला कुठून याचाही मला अंदाज आहे. पूर्वी काही अँटीव्हायरसना एनक्रिप्ट केलेला मेल तपासता यायचा नाही, तेव्हा त्यांच्याच मदतीच्या पानांवर लिहिलेलं असायचं की मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये एसएसएल बंद करा, बाहेरचं एसएसएल आम्ही लावू. कॉम्प्युटरच्या आत उघडं आणि बाहेर बंद, तोवर ठीक होतं. पण पुढे तो अँटीव्हायरस काढला, किंवा दुसरा घेतला, की मेलच्या सॉफ्टवेअरमधलं 'नन' तसंच राहिलं आणि आता बाहेरही उघडं. मेल चालू राहिला तर कुणी बघत नाही. अशी मशीनं मी स्वतः बघितलीत जिथे वापरणाऱ्याला वाटत होतं की आपला मेल एकदम सेफ आहे.

एक वेगळी भीती लोकांना वाटते ती रास्त आहे, मेल तपासणं बंद केलं तर व्हायरसवाली अटॅचमेंट आत येईल ना. येईल, पण ती नुसती मेलमध्ये पडून सहसा काही करू शकत नाही, ती सेव्ह केली किंवा उघडली की फाइल डिस्कवर लिहिली जाते आणि त्याच क्षणी अँटीव्हायरसचा रिअल टाइम भाग, जो आपण चालूच ठेवलाय, तिला पकडायला उभा असतो. म्हणजे मेल शील्ड हा वरचा थर आहे, एकमेव नाही. विंडोजसोबत येणारा डिफेंडर तर मेलच्या टीएलएस कनेक्शनमध्ये मधे शिरत नाही. आणि मधे शिरण्याचीही किंमत असते. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीच टाकून दिलेलं सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर सापडलं, ते असंच स्वतःचं रूट टाकून मधे बसायचं आणि सगळ्या मशीनवर त्याची गुप्त किल्ली एकच होती, ज्याने ती शोधली त्याला त्या कुठल्याही लॅपटॉपची फसवणूक करता आली असती. कॅस्परस्की अँटीव्हायरसच्या एसएसएल तपासणीत २०१६ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षेतल्या चुका शोधणाऱ्या गटातल्या टॅव्हिस ऑरमंडी यांना दिसलं की सर्टिफिकेट ओळखायला फक्त ३२ बिटांची खूण वापरली जातेय, म्हणजे दोन वेगळ्या साइटची सर्टिफिकेटं एकच समजली जाऊ शकतात, ते कॅस्परस्कीने डिसेंबरमध्ये दुरुस्त केलं. या दोन्ही गोष्टी वेबच्या बाजूच्या आहेत पण मधे बसायची पद्धत तीच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अँटीव्हायरस कंपन्यांनी एनक्रिप्ट केलेला मेल उघडणं न विचारता चालू करून देऊ नये, ज्याला हवंय त्याने समजून चालू करावं, आणि अडकला तर मेसेजमध्ये 'हे आमच्यामुळे झालंय' असं सरळ लिहावं. आज मेसेज येतो मेलच्या सॉफ्टवेअरचा आणि शिव्या खातो मेल सर्व्हरवाला.

अटॅचमेंटवरून आठवलं, येणारे मेल नीट येतात पण मोठी फाइल जोडलेला मेलच तेवढा जात नाही, पाठवताना पट्टी शेवटपर्यंत जाते आणि तिथेच थांबते, असं असेल तरी जाणारे मेल तपासायची टिक काढून बघा. अँटीव्हायरस पूर्ण फाइल आधी स्वतःकडे घेतो, तपासतो, मग पुढे सोडतो, तेवढ्यात सर्व्हर किंवा सॉफ्टवेअर कंटाळून कनेक्शन तोडतं. वाईट म्हणजे कधी मेल गेलेला असतो आणि फक्त पोच आलेली नसते, मग आउटबॉक्समधून तोच मेल समोरच्याला परत परत जात राहतो.

आणि थंडरबर्डवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण यात लोकांचं खरं नुकसान झालेलं मी बघितलंय. थंडरबर्ड मुळात एक फोल्डर एकाच फाइलमध्ये ठेवतो, म्हणजे इनबॉक्समधले सगळे मेल 'इनबॉक्स' नावाच्या एका फाइलमध्ये. त्यातल्या एका स्पॅममध्ये व्हायरस सापडला आणि अँटीव्हायरसने फाइल क्वारंटाइनमध्ये (संशयित फाइली वेगळ्या कोंडून ठेवायची जागा) टाकली तर अख्खा इनबॉक्स गायब. असं झालं तर घाबरून अँटीव्हायरसमध्ये 'क्लीन' किंवा 'डिलीट' दाबू नका, थंडरबर्ड बंद करा, क्वारंटाइनच्या यादीतून ती फाइल रिस्टोर करा, मग तो स्पॅम काढून फोल्डर कॉम्पॅक्ट करा, नुसतं डिलीट करून तो फाइलमधून जात नाही. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर असतात, परत उतरतात, पण पॉपवर तुमच्याकडचीच प्रत एकमेव असू शकते. पुढे असं होऊ नये म्हणून थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये प्रत्येक येणारा मेल अँटीव्हायरसला वेगळा तपासू द्यायची टिक आहे ती लावा, प्रोफाइलचा फोल्डर स्कॅनमधून वगळा, आणि त्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

संपादक महोदय, पुढच्या अंकात त्याच सदरात, त्याच जागी, दुरुस्ती छापावी ही मनापासून विनंती. ज्या वाचकाने प्रश्न विचारला होता त्यांना आणि ज्यांनी ते उत्तर वाचून सेटिंग बदललं असेल त्या सगळ्यांना सांगा की अँटीव्हायरसमधली मेलची तपासणी बंद करा, कनेक्शन सिक्युरिटी परत एसएसएल/टीएलएस करा, पोर्ट ९९३ आणि ४६५ टाका, तुमच्या मेलवाल्याने वेगळे दिले असतील तर ते. आणि हे झाल्यावर मेलचा पासवर्ड बदला, कारण मधल्या दिवसांत तो उघडा गेलेला असू शकतो. तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरत असाल तर तिथलाही.

आपली,
एक नियमित वाचक